मरीन टाकी आणि "लोड जास्त झालाय": ट्रिप नक्की कशानं होतं ते शोधायचं कसं

मरीन टाकीवाल्या (म्हणजे समुद्री मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या) घरात ट्रिप व्हायला लागलं की वायरमन येतो, टाकीखालचं कपाट उघडतो, आतला वायरींचा गुंता बघतो आणि एकच वाक्य बोलतो, "साहेब, लोड जास्त झालाय, मोठा एमसीबी टाकून देतो." एमसीबी म्हणजे लाइनचा आपोआप पडणारा खटका. आपण पण मान डोलावतो, कारण आठ-दहा प्लग एका जागी खुपसलेले बघून आपल्यालाही तेच वाटत असतं. पण एकदा कागद-पेन घेऊन बेरीज करून बघा, बेरीज काही वेगळंच सांगते.

चार फुटी टाकी धरू, खाली सम्प (कपाटातली छोटी टाकी, तिथून रिटर्न पंप पाणी परत वर ढकलतो), सगळं मिळून अडीचशे-तीनशे लिटर पाणी. रिटर्न पंप 40 वॅट, दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारे पंप) मिळून 30, स्किमर (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारा) 25, दोन एलईडी लाइट शंभर-शंभरचे, यूव्ही आणि टॉप-अप वगैरे किरकोळ मिळून 30, आणि पाव एचपीचा चिलर (पाणी थंड करणारा) चालू असताना साधारण 350. झाले 675 वॅट. हीटर मुंबई-ठाण्यात बऱ्याच जणांकडे नसतोच, पुणे-नाशिकवाल्यांना थंडीत लागतो, आणि तो चिलरबरोबर एकाच वेळी चालत नाही (चालत असेल तर दोघांची टेंपरेचर सेटिंग एकमेकांत घुसलीयेत, आधी ती बघा, नाहीतर एक तापवतोय आणि दुसरा थंड करतोय आणि बिल तुम्ही भरताय). 675 ला 230 व्होल्टनं भागलं तर तीन अँपिअरच्या आत येतं. चिलर आणि पंप मोटरवाले असल्यामुळे त्यांचा पॉवर फॅक्टर कमी असतो (तेवढ्याच वॅटला करंट जास्त ओढतात), म्हणून प्रत्यक्षात साडेतीन-चार धरा. साधी इस्त्री हजार वॅटची असते आणि साठवणीचा गिझर दोन हजारचा, त्यांना कोणी लोड जास्त म्हणत नाही.

बेरजेवर विश्वास नसेल तर मोजायची एक फुकट पद्धत आहे. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल एलईडी लुकलुकत असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं 3200 इम्पल्स पर युनिट किंवा 1600 किंवा जे असेल ते. टाकी सोडून घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण, आणि एक मिनिट लुकलुक मोजा. मोजलेल्या आकड्याला 60000 नं गुणा आणि मीटरवरच्या आकड्यानं भागा, आले वॅट. म्हणजे 3200 वाल्या मीटरवर मिनिटाला 32 वेळा लुकलुकला तर 600 वॅट. चिलर चालू असताना एकदा आणि तो कट झाल्यावर एकदा असं दोनदा मोजलं की चिलर एकटा किती खातो तेही कळतं.

तर एकूण वॅट हा बहुतेक वेळा मुद्दाच नसतो. मरीन टाकीत ट्रिप होतं किंवा बोर्ड जळतो तो वेगळ्या कारणांनी, आणि ती कारणं ओळखायची पहिली पायरी म्हणजे डीबीमध्ये (घरातले सगळे खटके असलेल्या पेटीत) नक्की कोणता खटका पडलाय ते बघणं. हे नव्वद टक्के लोक बघतच नाहीत, सगळे खटके वर करतात आणि मोकळे होतात.

डीबीत दोन जातीचे खटके असतात. एमसीबी बारीक असतो, एका रूमला किंवा एका लाइनला एक. आरसीसीबी रुंद असतो, त्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं आणि 30 एमए (मिलीअँपिअर) असं छापलेलं असतं. एमसीबी फक्त एवढंच बघतो की वायरीतून करंट किती जातोय. आरसीसीबीला किती जातोय याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का ते बघतो, आणि गेलेल्यापेक्षा परत आलेला 30 मिलीअँपिअरनं कमी असेल तर कुठंतरी बाहेर गळतोय (पाण्यातून, अर्थिंगमधून किंवा तुमच्या हातातून) असं समजून पडतो. म्हणजे आरसीसीबी पडला असेल तर लोडचा विषयच नाही, तो लीकेजचा विषय आहे, आणि तिथं मोठा एमसीबी टाकणं म्हणजे पैसे आणि दुपार दोन्ही वाया.

आधी एमसीबीवालं संपवून टाकू, ते सोपं आहे.

एमसीबी दोन प्रकारे पडतो. एक म्हणजे हळूहळू तापून. इथं लोकांना एक गोष्ट माहीत नसते की 16 अँपिअरचा एमसीबी 16 ला पडत नाही, 18 अँपिअर तो तासभर सहन करू शकतो, 23 च्या वर गेला तर मात्र तासाभरात पडायलाच पाहिजे, आणि जितका जास्त तितका लवकर. त्यामुळे पाच-दहा मिनिटं नीट चालून मग खटका पडला, हात लावला तर कोमट लागतोय, असं असेल तर खरंच लोड जास्त आहे, पण तो टाकीचा एकटीचा नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये हॉल आणि एक बेडरूम मिळून एकच 6 किंवा 10 अँपिअरची लाइन असते, टाकी त्यावर, टीव्ही त्यावर आणि संध्याकाळी कुणीतरी त्याच लाइनवर इस्त्री लावतं. उपाय म्हणजे टाकीला डीबीपासून वेगळी 2.5 स्क्वेअर एमएमची लाइन ओढून घेणं आणि तिला स्वतःचा 16 अँपिअरचा एमसीबी देणं. आहे त्याच दीड एमएमच्या जुन्या वायरीवर 10 काढून 20 चा किंवा 32 चा एमसीबी टाकणं हा उपाय नाही, कारण एमसीबी तुमच्या पंपांना वाचवायला नसतो, तो भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. मोठा टाकला की खटका पडायचा थांबतो आणि पाइपात वायर भाजायला लागते, जी दिसत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फाटकन पडणं. लाइट गेली, अर्ध्या तासानं आली, आणि येताक्षणी एमसीबी खाली. याचं कारण बऱ्याचदा अ‍ॅडॉप्टर असतात. एलईडी लाइटचा, डीसी पंपाचा, वेव्हमेकरचा, डोसिंग पंपाचा, प्रत्येकाचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर, आणि प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या आत एक कपॅसिटर असतो जो रिकामा असताना पहिल्या मिलिसेकंदात भसकन करंट ओढतो, चालू वॅटशी त्याचा काही संबंध नसतो. सहा-सात जण एकदम ओढतात तेव्हा बी टाइपचा एमसीबी पडू शकतो, कारण तो आपल्या रेटिंगच्या तीन ते पाच पटीला झटक्यात पडतो. सी टाइप पाच ते दहा पटीपर्यंत दम धरतो. मोटर आणि अ‍ॅडॉप्टरच्या लोडला सी टाइप बरा, हे वायरमनला सांगायला लाजू नका. तेवढ्याच अँपिअरचा बी काढून सी टाकणं आणि 10 काढून 32 टाकणं यात फार फरक आहे, एवढं बघा. सी टाकायच्या आधी अर्थिंग नीट आहे ना ते मात्र त्याच्याकडून तपासून घ्या.

आता चिलर. मुंबईत चिलरशिवाय मरीन टाकी म्हणजे एप्रिल-मेमध्ये माशांचा काढा. पाणी 25-26 ला ठेवायचं, खोली 33 ला, आणि वर पाण्यात बुडालेल्या पंपांचा जवळजवळ सगळा वॅट शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून जातो. 100 वॅटचे पंप अडीचशे लिटर पाण्याला तासाला साधारण 0.35 डिग्री तापवतात. जुने एसी पंप काढून कमी वॅटचे डीसी पंप लावले की चिलर कमी वेळ चालतो तो यामुळे, बचत दोन्हीकडून होते.

चिलरच्या आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असतो आणि सुरू होताना तो चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो, क्षणभरच. दोन अँपिअरवाला दहा-बारा ओढतो. एवढ्यानं एमसीबी सहसा पडत नाही, पण व्होल्टेज खाली बसतं, आणि ते किती बसतं हे वायरीच्या जाडीवर. चिलर चालू होताना टाकीचे लाइट मिचकतात, वेव्हमेकरचा कंट्रोलर रीसेट होतो, टायमर उलटसुलट होतो, ही सगळी त्याचीच लक्षणं. पातळ वायरीच्या एक्स्टेंशनवर चिलर असेल तर आधी तो काढून सरळ भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा, निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

मग कॉम्प्रेसर सुरूच न होणं. गुंईंई असा आवाज येतो, दहा-पंधरा सेकंदांनी टक् करून बंद, काही मिनिटांनी परत गुंई आणि परत टक्. तो टक् म्हणजे कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचं ओव्हरलोड प्रोटेक्टर. कॉम्प्रेसर अडकलेला असताना तो सुरू होण्याचाच करंट सतत ओढत राहतो, आणि तेव्हा मात्र छोटा एमसीबी पडू शकतो. कारणं तीन-चारच असतात. व्होल्टेज कमी (उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की काही भागात 190 पर्यंत उतरतं), स्टार्टचा रिले किंवा कपॅसिटर गेला, किंवा लाइट जाऊन लगेच आली आणि आतलं गॅसचं प्रेशर समान व्हायच्या आधीच त्यानं सुरू व्हायचा प्रयत्न केला. चांगल्या चिलरमध्ये तीन मिनिटांचा डिले असतो, नसेल तर फ्रिजला लावतात तसला डिलेवाला स्टॅबिलायझर लावा. आणि चौथं कारण सगळ्यात हास्यास्पद पण सगळ्यात जास्त बघायला मिळणारं, चिलर कपाटात कोंडलेला. मागून गरम हवा सोडतो, तीच पुढून परत ओढतो, कंडेन्सरवर धूळ, कॉम्प्रेसर तापून बंद. कपाटाचं दार उघडं ठेवून एक दिवस बघा, फरक पडला तर आजार कळला.

हे झालं एमसीबीचं. आता आरसीसीबी, खरी गंमत इथं आहे, आणि मीठ इथं येतं.

समुद्राचं पाणी वीज वाहून नेण्यात नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभर पट सरस असतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हीटरच्या काचेला बारीक तडा गेला तर कधी कधी लक्षातही येत नाही, मरीनमध्ये तोच तडा सरळ आरसीसीबी पाडतो, आणि पाडला पाहिजे. पण पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं ते पाण्याबाहेर आलेलं मीठ. स्किमरच्या बुडबुड्यांचे शिंतोडे, वायरीवरून हळूहळू सरपटत खाली आलेलं पाणी, ते सुकतं आणि पांढरा थर राहतो. सुका असेपर्यंत तो काही करत नाही. पण साधं मीठ हवेत 75 टक्के ओलावा झाला की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि मरीन सॉल्टमध्ये मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं जे त्याच्याही बऱ्याच आधीपासून ओलावा धरतं. कोकण किनाऱ्यावर जुलैमध्ये हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणून मे महिन्यात नीट चाललेली टाकी जुलैमध्ये रात्रीबेरात्री ट्रिप व्हायला लागते, काही नवीन लावलेलं नसताना, आणि सकाळी ऊन पडलं की आपोआप "बरी" होते. बोर्ड उघडून बघा, फेज आणि अर्थच्या पितळी पट्ट्यांमध्ये पांढरट-हिरवट काहीतरी दिसेल, कधी प्लास्टिकवर काळी रेष पण. ती काळी रेष म्हणजे तिथून करंट सरपटत होता आणि प्लास्टिकचा कोळसा झालाय, तो बोर्ड पुसून परत वापरायचा नाही, फेकायचा.

दुसरी गोष्ट, लीकेज साठत जातं. प्रत्येक थ्री-पिन उपकरण, प्रत्येक अ‍ॅडॉप्टर, काहीही बिघाड नसताना थोडा करंट अर्थला सोडतंच, कुणी पाव, कुणी अर्धा-पाऊण मिलीअँपिअर. 30 एमएचा आरसीसीबी प्रत्यक्षात 15 च्या वर कुठेही पडू शकतो, नियमानं तेवढीच हमी आहे की 15 पर्यंत पडणार नाही आणि 30 ला पडणारच. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल, त्यावर इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, फ्रिज आणि वर टाकीचे दहा प्लग, तर तो आधीच दहा-बाराला टेकलेला असतो आणि थोडंसं ओलं मीठ त्याला ढकलायला पुरतं. उपाय आरसीसीबी काढून टाकणं हा नाही (हे सांगणारे वायरमन आहेत, त्यांना चहा पाजून वाटेला लावा), टाकीला स्वतःचा वेगळा 30 एमए देणं हा आहे. एमसीबी आणि आरसीसीबी एकातच असलेला आरसीबीओ मिळतो, टाकीची लाइन घराच्या आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढून तिला तो बसवला की टाकीत काही झालं तर टाकीच बंद होईल, फ्रिज नाही, आणि उलट गिझरनं घर ट्रिप केलं तर टाकी चालू राहील, जे गावाला गेल्यावर फार कामाचं. घेताना ए टाइप मागा, एसी टाइप नाही, कारण एलईडी ड्रायव्हर आणि डीसी पंपांच्या अ‍ॅडॉप्टरमुळे येणारं अर्धवट डीसीसारखं लीकेज एसी टाइपला नीट ओळखता येत नाही.

आता तो प्रकार, ज्यात भलेभले फसतात. डोंबिवलीला एका मित्राकडे रोज सकाळी गिझर लावला की आरसीसीबी पडायचा. सरळ आहे, गिझरचं एलिमेंट गेलं, बदललं. तरी पडायचा. गिझरच नवीन आणला. तरी पडायचा. शेवटी टाकीतला एक जुना वेव्हमेकर प्लगमधून काढला आणि ट्रिप बंद झालं. वेव्हमेकर रात्रंदिवस चालू, तो एकटा असताना काही होत नाही, आणि गिझर लावला की होतं, असं कसं?

दोष होता न्यूट्रल आणि पाणी यांच्यात. पंपाच्या आतलं इन्सुलेशन न्यूट्रलच्या बाजूला फाटलेलं, टाकीत टायटॅनियमचा ग्राउंड प्रोब (पाण्यात सोडलेली, अर्थला जोडलेली काडी) असल्यामुळे पाणी अर्थला जोडलेलं. म्हणजे न्यूट्रल पाण्यामार्गे अर्थला चिकटलेला. न्यूट्रलवर एरवी जवळजवळ शून्य व्होल्ट असतात म्हणून काही वाहत नाही. पण गिझर नऊ अँपिअर ओढतो आणि तो करंट परत जाताना बाहेरच्या लांब न्यूट्रल वायरीत थोडं व्होल्टेज उभं राहतं, समजा तीन व्होल्ट. पाण्यातल्या त्या वाटेचा रेझिस्टन्स 50 ओहम धरला तर तीन भागिले पन्नास, 60 मिलीअँपिअर त्या चोरवाटेनं अर्थला गेले. आरसीसीबीला दिसलं की न्यूट्रलमधून कमी परत येतंय, पडला. नुसते घरातले बल्ब चालू असताना तेच न्यूट्रल 0.3 व्होल्टवर असतं, 6 मिलीअँपिअर, तेवढं तो सोडून देतो. म्हणून ज्या उपकरणानं ट्रिप होतं ते गुन्हेगार असेलच असं नाही, मोठा लोड फक्त लपलेला दोष उघडा पाडतो.

यातून शोधायची पद्धत पण ठरते आणि इथं बहुतेक लोक चुकतात. एक एक स्विच बंद करत जायचं नाही, एक एक प्लग उपटत जायचं. बोर्डावरचा स्विच फक्त फेज तोडतो, साधा सिंगल पोल एमसीबी पण फक्त फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वरच्या केसमध्ये वेव्हमेकरचा स्विच बंद ठेवला असता तरी ट्रिप झालंच असतं आणि आपण म्हणालो असतो, वेव्हमेकर तर बंद होता, तो नक्की नाही. तर टाकीचे सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, गिझर किंवा इस्त्री मुद्दाम चालू ठेवा, आणि मग एक एक लावत दोन-चार मिनिटं थांबा. एकानं पडला तर सापडला. एकट्यानं कुणीच पडत नाही पण सगळे मिळून पडतो, तर साठलेलं लीकेज, म्हणजे वेगळा आरसीबीओ लागणार. आणि सगळे प्लग काढलेले असतानाही पडतो, तर दोष बोर्डात किंवा भिंतीतल्या वायरीत, तिथं मेगर असलेला वायरमन बोलवा. मेगर 500 व्होल्ट टाकून इन्सुलेशन मोजतो, एक मेगाओहमच्या खाली आलं की काहीतरी बिघडलंय. फक्त त्या आधी सगळे अ‍ॅडॉप्टर आणि कंट्रोलर काढून ठेवा, त्यांना ते सोसत नाही.

घरच्या घरी मोजण्याबद्दल दोन शब्द, कारण यावरून उगाच घाबरगुंडी होते. मल्टिमीटरची एक काडी पाण्यात, एक अर्थला लावली की 30-40 व्होल्ट दिसतात आणि लोक टाकी रिकामी करायला निघतात. डिजिटल मीटर इतका कमी करंट ओढतो की पंपाच्या कॉइलमधून नुसतं इंड्यूस झालेलं व्होल्टेज पण तो दाखवतो, ज्यात दम काही नसतो. निऑनवाल्या टेस्टरचं पण तेच, तो इतक्या कमी करंटवर पेटतो की पेटला म्हणून घाबरायचं आणि नाही पेटला म्हणून हात घालायचा, दोन्ही चूक. खरं कळतं लीकेज मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनं, त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरायचे, गेला आणि आला एकमेकांना खोडतात आणि उरतो तो लीकेज. एक-दोन मिलीअँपिअर असेल तर झोपा, दहाच्या पुढे असेल तर शोधा. बऱ्याच मीटरवर ईएल नावाचा एक छोटा दिवा पण असतो, तो सतत पेटलेला असेल तर घरात कुठेतरी करंट अर्थला जातोय किंवा न्यूट्रल दुसऱ्या कुणाच्या लाइनशी मिसळलाय.

ग्राउंड प्रोबवरून मरीनवाल्यांमध्ये भांडणं आहेत. माझं मत साधं आहे, आरसीसीबी असेल तर प्रोब लावा, कारण मग पंप फाटला त्याच क्षणी ट्रिप होईल, तुमचा हात पाण्यात जायची वाट बघणार नाही. आरसीसीबी नसेल, किंवा थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकात अर्थच नसेल (जुन्या चाळीत आणि किटकॅट फ्यूजवाल्या घरांत हे सर्रास), तर प्रोबच्या नादी लागायच्या आधी ते करून घ्या. आणि हात पाण्यात घालायचा असेल तेव्हा प्लग काढून, स्विच बंद करून नाही. कारण वर सांगितलंच, आणि शिवाय सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असतानाही पंपापर्यंत फेज आलेला असतो.

आता तिसरा प्रकार, ज्यात काहीच ट्रिप होत नाही, आणि म्हणून तो सगळ्यात वाईट. मीठ आणि ओलाव्यानं प्लगच्या पिना आणि सॉकेटच्या पितळी पट्ट्या गंजतात, पकड ढिली होते. समजा त्या जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स आला आणि पाच अँपिअर जातोय, तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, साडेबारा वॅट उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत. छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये कायम ठेवून दिल्यासारखं ते. करंट पाचच अँपिअर आहे म्हणून एमसीबीला सगळं छान वाटतं, अर्थला काही जात नाही म्हणून आरसीसीबीलाही, आणि दोन्ही खटके वर असताना बोर्ड वितळतो. यावर उपकरण एकच, तुमचा हात. चिलर आणि हीटर तासभर चालल्यावर प्लग उपटून पिनांना लगेच बोट लावू नका, आधी बाहेरून प्लगला हात लावा, कोमटपेक्षा जास्त लागला तर बंद करून सॉकेट बदला. पिना काळ्या किंवा निळसर पडल्या असतील तर प्लग पण. सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये चिलरचा जाड प्लग कन्व्हर्टर लावून बसवणं हा तर या सगळ्याचा पाया आहे. टाकीभोवतीच्या प्लगना हात लावून बघणं ही सवय पाणी बदलायच्या दिवसाला जोडून टाका.

स्मार्ट प्लग पण याच घरचे. दहा अँपिअर लिहिलेलं असतं ते साध्या तापणाऱ्या लोडसाठी, मोटरचा सुरू होतानाचा झटका त्याच्या आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटवतो, आणि एकदा चिकटले की अ‍ॅपमध्ये ऑफ दिसतं आणि प्रत्यक्षात चालूच. वेव्हमेकरला ठीक, चिलरला 16 अँपिअरवाला घ्या, आणि हीटर कधीही एकाच रिलेच्या भरवशावर सोडू नका, त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट एक डिग्री वर सेट करून ठेवा म्हणजे एक चिकटला तर दुसरा तोडेल.

बोर्ड कुठं लावायचा यावर फार लिहायची गरज नाही. सम्पच्या वर नाही, सम्पच्या मागे नाही, टाकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि पाण्याच्या उंचीच्या वर. जमिनीवर तर नाहीच, रिटर्न पंप बंद झाल्यावर सम्प भरून वाहिला तर पहिला बोर्डच भिजतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबवून मग वर आणायची म्हणजे वायरीवरून सरपटणारा थेंब झोळीत खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. अ‍ॅडॉप्टर कपाटाच्या वरच्या बाजूला स्क्रूनं टांगा, तळाला पडून ठेवू नका.

राहिला इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर माशांना आधी ऑक्सिजन लागतो, लाइट आणि थंडावा नंतर. पृष्ठभाग हलवत ठेवणारा एक वेव्हमेकर आणि जमलं तर रिटर्न पंप, एवढंच इन्व्हर्टरवर घ्या, 55 वॅट होतात. 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तासाच्या) बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात, त्यातले साठ टक्के वापरायचे आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस वॅट खातो हे धरलं तरी बारा-चौदा तास निघतात, बॅटरी धडकी असेल तर. चिलर त्यावर टाकला तर तीन तास पण नाही, आणि सुरू होताना इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवेल ते वेगळं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधे एसी पंप घुमतात आणि तापतात, प्युअर साइन वेव्हच लागतो, डीसी पंपांना मात्र अ‍ॅडॉप्टरमुळे एवढा फरक पडत नाही. आणि वायरमनला एक प्रश्न नक्की विचारा, इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीच्या मागून गेलीय का पुढून. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरचा आउटपुट आरसीसीबीला वळसा घालून जातो, म्हणजे लाइट गेलेली असताना, अंधारात, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून तुम्ही सम्पमध्ये हात घालता तेव्हाच नेमकं कुठलंच संरक्षण नसतं. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा 30 एमए बसवून घ्या, आणि बॅटरीवर चालू असताना त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का ते वायरमन समोर असतानाच बघा.